दोन गुंठ्यांच्या परसबागेला टिलर मारून घ्यायचाय, कोल्हापुरात माणूस कसा निवडायचा?

परसदार_पाचगाव
नमस्कार मंडळी. पाचगावला, आर. के. नगरच्या अंगाला आमचं घर बांधून झालं. मागं साधारण दोन गुंठे जागा मोकळी आहे आणि मृगाच्या आत ती भाजीपाल्याला तयार करायची आहे. मूळ रान काळं. पण बांधकाम चालू असताना त्यावर मुरूम पडला, खडीच्या गाड्या फिरल्या, सेंट्रिंगचं सामान महिनोन्‌महिने पडून होतं. आता कुदळ मारली की टण्णकन वर येते. एका कोपऱ्यात हरळी आणि लव्हाळा माजलाय. फाटक साडेतीन फुटांचं आहे.

दोन-तीन जणांशी फोनवर बोललो. एक तासावर येतो म्हणाला, दुसरा गुंठ्यावर. तिसरा म्हणाला, "बघायला कशाला यायचं? रविवारी मशीन घेऊनच येतो." आईचं म्हणणं, गडी लावून हातानं खणून घे. टिलर बरा की मिनी ट्रॅक्टर, आणि माणसाला आधी काय काय विचारावं, हे अनुभवी लोकांनी सांगावं. नंबर उघड टाकू नका, व्यक्तिगत निरोपातून पाठवले तर उपकार होतील.

कळंबेकर
तिसऱ्याला आधी वगळा. रान न बघता जो येतो त्याला फक्त मशीन फिरवायचं असतं. आमच्याकडं येणारा गृहस्थ आधी मोटरसायकलवर येऊन जातो, टाचेनं माती दाबून बघतो, नळाची लाइन कुठनं गेलीय ते विचारतो आणि मग दर सांगतो. असा माणूस थोडा महाग पडला तरी चालेल.

निशिगंध
माणूस शोधायचा तर दूधवाल्याला विचारा. गावाकडनं दूध घालायला येणाऱ्याला कुणाच्या दारात टिलर उभा आहे, कोण नेटकं काम करतो, कोण पैसे घेऊन अर्धवट सोडून जातो, सगळं माहीत असतं. मला ताराबाई पार्कात असाच मिळाला. रोपवाटिकेच्या माळ्यांनाही विचारता येईल, त्यांचं रोजचं काम असतं.

टिलरवाला_उचगाव
दादा, धंद्यातलाच माणूस हाय म्हणून लिहितो. साडेतीन फुटाच्या फाटकातनं मिनी ट्रॅक्टर घालायचा नाद करू नका. कसाबसा आत गेला तरी वळायला जागा लागती आणि कंपाउंडच्या कडंची पट्टी तशीच ऱ्हाती. तुमच्या कामाला दोन चाकांचा पॉवर टिलर पायजे. व्हीएसटी म्हणा, कॅमको म्हणा, बारा-तेरा एचपीचं मशीन. वजन चारशे किलोच्या आसपास असतंय, त्यामुळं कडक रानात दबून चालतंय. पाच-सात एचपीचा पॉवर विडर येतोय तो हलका. मोकळ्या मातीत झकास, पण मुरमावर घातला की टणाटण उड्या मारतोय आणि दोन इंचाच्या खाली जातच न्हाई. काही जण विडर घेऊन येत्यात आणि टिलरचा दर लावत्यात, तेवढं आधी विचारून घ्या.

आता पैशाचं. टिलरचा रोटर, म्हंजे माती कापणारी फिरती पाती, साठ सेंटिमीटर रुंद, मशीन माणसाच्या चालीनं जातंय. दोन गुंठ्यावर वळणं-कोपरे धरून एक फेर अर्ध्या तासात होतो. तीन फेर मारले तरी दीड-दोन तास. डिझेल तासाला दीड लिटरच्या आसपास. म्हंजे रोटर मारायचा खर्च थोडाच हाय. खरा खर्च मशीन छोट्या हत्तीत चढवायचा, तुमच्या दारात उतरवायचा, परत न्यायचा, आणि बरोबर एक माणूस आणायचा. त्यात आमचा अर्धा दिवस मोडतोय. म्हणून "तासाला किती" असं इचारू नका. "आमच्या दारात येऊन, काम करून, परत जाईपर्यंत एकूण किती, आणि त्यात किती फेर" असं इचारा. तासावरच ठरलं तर घड्याळ इंजिन चालू झाल्यावर सुरू होणार का गाडी निघाल्यावर, तेबी बोलून घ्या.

सगळ्यात स्वस्त पडायचा मार्ग सांगतो. गल्लीत अजून कुणाच्या मोकळ्या जागा असतील तर दोघं-तिघं मिळून एकाच दिवशी बोलवा. गाडीभाडं वाटून जातंय आणि आमचाबी दिवस भरतोय.

अजून एक, मेच्या शेवटच्या आठवड्यात फोन करू नका. त्या टायमाला पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीकडं भाताची धूळवाफ, म्हंजे पावसाआधी कोरड्या रानात, पेरणी असती, इकडं उसाच्या रानात मशीन अडकलेलं असतंय. एप्रिल संपायच्या आत काम उरका.

परसदार_पाचगाव
टिलरवाले दादा, एवढं मोकळेपणानं कुणी सांगत नाही. धन्यवाद. शेजारच्या दोन घरांशी आजच बोलतो.

निसर्गशेती_करवीर
माझं मत वेगळं आहे. टिलर मारूच नका. रोटर मातीची कणीदार रचना मोडतो, गांडुळं तुटतात, वरचं पीठ होतं आणि पहिल्या जोरदार पावसात ते पीठ बसून कडक पापुद्रा धरतो. त्यापेक्षा सगळीकडं उसाचं वाळलेलं पाचट पसरा, वर शेणकाला मारा, पावसाळाभर झाकून ठेवा. कोल्हापुरात पाचटाला तोटा नाही. ऊस तुटला की लोक शेतातच पेटवून देतात, मागितलं तर आनंदानं देतील. वर्षभरात खालची माती आपोआप मोकळी होते. आमच्या बागेत कुदळसुद्धा लागत नाही.

कळंबेकर
वर्षभर थांबायचं तर यंदाच्या पावसाळ्याची भाजी गेली की.

जुना_कृषीसहाय्यक
निसर्गशेतीवाल्या मित्रांचं म्हणणं मूळचं खरं आहे आणि त्याला मान देऊनच लिहितो. जिथं माती माती आहे तिथं वारंवार रोटर मारणं हे नुकसानच. पण पाचगावच्या या प्लॉटवर खडीच्या गाड्या फिरल्या आहेत. काळ्या मातीवर ओल असताना असा भार पडला की कण एकमेकांत घट्ट बसतात, हवेच्या पोकळ्या नाहीशा होतात. वरून पाचट टाकलं तरी गांडुळांना आत शिरायला वाव नसतो आणि पावसाचं पाणी त्या थरावर साचून राहतं. इथं एकदा मशीननं फोडून घ्यावं लागेल. एकदाच. त्यानंतर मात्र त्यांनी सांगितलेला पाचटाचा मार्ग धरावा.

आता कामाचा क्रम सांगतो. नोकरीत असताना शेतकऱ्यांच्या बांधावर हेच बोलत आलोय, त्यामुळं जरा लांबण लागेल.

सगळ्यात आधी पहार घ्या. जागेत पाच-सहा ठिकाणी पहार मारून बघा. कुठं सहज जाते, कुठं चार इंचांवर अडते, कुठं खणखण वाजते, हे कागदावर मांडा. चार इंचांवर अडते तिथं दाबलेला थर किंवा मुरूम आहे. खणखण वाजते तिथं काँक्रीटचा ढेपा किंवा डबर पुरलेलं आहे, ते टिकावानं आधीच काढून घ्यावं लागेल. बांधकामवाले उरलेला माल, फुटक्या फरशा, सिमेंटच्या गोण्या पाठीमागच्या अंगाला गाडून टाकतात. शिवाय बायंडिंगची तार, खिळे, सळईचे तुकडे. ही तार रोटरच्या पात्यांवर गुंडाळते, मशीन थांबवून पकडीनं तोडत बसावं लागतं आणि तो वेळ तुमच्या बिलात धरला जातो. म्हणून आदल्या दिवशी घरातल्यांनी मिळून जागा वेचून काढा. त्यासाठी बाहेरचा माणूस लावायची गरज नाही.

पाण्याची लाइन, सेप्टिक टँक, ड्रेनेजचे चेंबर, बोअरची केबल, अर्थिंगचा खड्डा, हे सगळं चुन्याच्या फक्कीनं आखून ठेवा. टिलर पाच-सहा इंच खोल जातो, आणि घराची नळाची लाइन पुष्कळदा तेवढ्याच खोलीवर टाकलेली असते. एवढं आखूनही पाइप फुटली तर दुरुस्ती कुणाची, हे काम सुरू व्हायच्या आधी ठरवा. तुम्ही दाखवलेल्या जागेबाहेर फुटली तर तुमची, फक्कीच्या आत मशीन नेऊन फोडली तर त्याची. माणूस समंजस असेल तर यात वाद होत नाही.

मग वाफसा, म्हणजे माती ना फार ओली ना फार कोरडी अशी अवस्था. सगळं यश यावर आहे. काळं रान ओलं असताना रोटर मारला तर पाती माती कापत नाहीत, घोटतात. ती ढेकळं उन्हात वाळली की विटेएवढी कडक होतात आणि वर्षभर फुटत नाहीत. उलट एप्रिलमध्ये ठणठणीत वाळलेल्या काळ्या रानात मशीन घातलं तर पाती वरच्या वर आपटत राहतात. वळवाचा चांगला पाऊस झाला की काळ्या मातीत तीन-चार दिवस थांबा. पाऊस नाही झाला तर बोअरच्या पाण्यानं जागा सारखी भिजवा, पाणी साचू देऊ नका आणि तेवढेच दिवस थांबा. पन्हाळ्याकडची तांबडी जांभ्याची माती असती तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच वाफसा आला असता, पाणी तिच्यातनं झटकन उतरतं.

ओळखायचं असं. चार इंच खालची मूठभर माती घ्या आणि लाडू वळतो तशी दाबा. लाडू वळलाच नाही तर माती कोरडी. वळला आणि अंगठ्यानं टोचल्यावर भुगा होऊन मोकळा झाला तर वाफसा आला. अंगठा रुतला, मातीला चकाकी आली, बोटांना चिकटली, तर मशीनवाल्याला फोन करून दोन दिवस पुढं यायला सांगा. चांगला मशीनवाला स्वतःच ही मूठ घेऊन बघतो. त्या एका गोष्टीवरून मी माणूस ओळखतो. ओल्या रानात "काही होत नाही साहेब" म्हणून मशीन घालणाऱ्याला परत बोलवू नका.

फेरांबद्दल. पहिला फेर उथळ, दोन-तीन इंच. त्यात वर येणारे दगड, तारा, मुळ्या वेचून घ्यायच्या. दुसरा फेर आडवा, पाच इंचांपर्यंत. मग शेणखत पसरायचं आणि तिसऱ्या फेरात ते मिसळायचं. तीनच्या वर जाऊ नका. माती हरभऱ्याएवढ्या कण्यांची राहिली पाहिजे, रव्यासारखी झाली की पावसात चोपून बसते. निसर्गशेतीवाल्यांनी वर जे पापुद्र्याचं सांगितलं ते इथंच घडतं.

मातीची तपासणी नांगरटीच्या आधी केली तर उत्तम. पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा पंधरा सेंटिमीटर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या एका कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्यायची, सगळी एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची आणि सावलीत वाळवायची. कोल्हापुरात कृषी खात्याची मृद चाचणी प्रयोगशाळा आहे. कणेरी आणि तळसंदे इथल्या कृषी विज्ञान केंद्रांतही विचारता येईल. बांधकामाच्या जागेत सिमेंट आणि चुन्यामुळं सामू (पीएच) चढलेला असतो, म्हणून ही तपासणी तुम्हाला जास्त गरजेची.

आक्का_वडणगे
दादांनी सगळं नीट सांगितलं. मी फक्त शेणखताचं सांगते, कारण शहरातली माणसं तिथंच घाई करतात.

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यावर एक इंच शेणखत टाकायचं तर नव्वद घनफूट लागतं, म्हणजे ब्रासला (शंभर घनफुटांना) थोडं कमी. दोन गुंठ्यांना पावणेदोन-दोन ब्रास. पोत्यानं आणून हे भागत नाही, ट्रॉलीच घ्या. शहराच्या आजूबाजूला म्हशींचे गोठे भरपूर आहेत, शेण मिळायची अडचण नाही. पण कुजलेलं घ्या. हातात घेतलं की काळं, भुसभुशीत, शेणाचा वास गेलेला, आणि मधे गरम लागत नाही, असं पाहिजे. ओलं किंवा अर्धं कुजलेलं शेण टाकलं की त्यातनं हुमणी येते. पांढरी, वाकडी, तपकिरी डोक्याची अळी. उसाला लागते ती भाजीची मुळंही खाते. वरनं झाड सुकत जातं आणि कारण कळत नाही. खत पसरताना फावड्यानं फोडून बघा, अळी दिसली तर वेचून काढा. मेटाऱ्हायझियम ही मित्रबुरशी मिळते, ती शेणखतात मिसळून टाकली तरी उपयोग होतो.

टिलर मारल्यावर एक सकाळ रान तसंच उघडं ठेवा. बगळे आणि साळुंक्या येऊन अळ्या टिपतात. आमच्याकडं मशीन चालू असतानाच बगळे मागनं चालत येतात.

साखर कारखान्याचा प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) स्वस्तात मिळतो म्हणून कुणी सुचवेल. तो ताजा घालू नका, कुजताना फार तापतो. ढीग लावून, पाणी मारून, मधे खाली-वर करून दोन-तीन महिने कुजवला की मग चांगला.

तांबडी_माती
आक्का, गुऱ्हाळाची राख घातली तर चालते का? आमच्या गावात हंगाम संपला की ढीग पडलेला असतो.

आक्का_वडणगे
पन्हाळ्याकडच्या तांबड्या मातीत थोडी घाला, ती आम्लधर्मी असते. काळ्या रानात आधीच सामू चढा असतो, त्यात राख नको.

परसदार_पाचगाव
लव्हाळ्याचं कुणीच बोललं नाही. तो कोपरा टिलरनं मारून टाकायचा ना? आणि अवजारे बँकेतनं मशीन भाड्यानं आणून स्वतः चालवलं तर?

टिलरवाला_उचगाव
दादा, तसं करू नका. लव्हाळ्याला खाली गाठी असत्यात, हरळीला कांड्या. रोटरनं त्या तुटल्या की एकाच्या दहा होत्यात आणि मशीनच्या पात्यांला लागून बाकीच्या रानात पसरत्यात. मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो, तो कोपरा शेवटाला ठेवा नाहीतर हातानं काढा. बाकीचं रान झाल्यावर तिथं मशीन घालायचं आणि जायच्या आधी पाती धुऊन घ्यायची. दुसऱ्याच्या रानातनं आलेलं मशीन तुमच्याकडं घालताना पण पाती बघा, मातीचा लपका चिकटलेला असंल तर आधी धुवायला लावा. चांगला माणूस रागवणार न्हाई.

स्वतः चालवायचं म्हणाल तर पॉवर टिलर शिकल्याशिवाय धरू नका. पुढं जाताना काही वाटत न्हाई, रिव्हर्स घेताना हँडल उचलतंय आणि माणूस भिंत न्हाईतर झाडाच्या मधे सापडतोय. पायात चप्पल नको, बूट पायजेत. काम चालू असताना लहान पोरं आणि कुत्रं आत बांधून ठेवा, खडा उडून लागतोय.

जुना_कृषीसहाय्यक
लव्हाळ्याला आपला एप्रिल-मे सगळ्यात चांगला. तो कोपरा कोरडा असतानाच कुदळीनं सहा-आठ इंच खोल उकरा, माती चाळून गाठी बुट्टीत वेचा आणि फरशीवर कडक उन्हात वाळवा. गाठी वाळल्या की मरतात. उकिरड्यात टाकू नका, ओल मिळाली की पुन्हा फुटतात. उरलेल्या उकरलेल्या मातीला आठवड्यानं पुन्हा खालीवर करा. असं पाऊस पडेपर्यंत करत राहायचं. आईंनी सांगितलेला गडी या कोपऱ्यासाठी लावा, तिथं हातच हवेत.

बाकी बारीक तणांचं बी मारायचं असेल तर जमीन भिजवून पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे अंथरा, कडा मातीत दाबून टाका. काळं प्लास्टिक इतकं तापत नाही. पण लव्हाळ्याच्या खोल गाठी याला दाद देत नाहीत, म्हणून आधी वेचणी.

निसर्गशेती_करवीर
दादा, एकदाच फोडायचं आणि मग झाकायचं, हे मला पटलं. फक्त एक भर घालतो. टिलर मारून झाल्यावर लगेच वाफे आखा. तीन-साडेतीन फुटांचे वाफे, मधे दीड फुटाची वाट. हात दोन्ही बाजूंनी मधोमध पोचला पाहिजे. वाफ्यात पुन्हा कधी पाय पडता कामा नये. पैसे देऊन मोकळी केलेली माती लोक दुसऱ्या दिवशी तुडवतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा टिलर बोलावतात. वाटेवर पाचट टाकलं की चिखलही होत नाही.

कळंबेकर
+१. वाफे त्याच माणसाकडनं पाडून घ्यायचे तर तेही आधी दरात बोला. बरेच जण फक्त रोटर मारतात, सपाटी आणि वाफे वेगळे धरतात.

परसदार_पाचगाव
मंडळी, काम झालं, म्हणून सविस्तर लिहितो. निशिगंध ताईंच्या सांगण्यावरून दूधवाल्याला विचारलं आणि त्यानं त्याच्याच गावातला एक माणूस पाठवला. संध्याकाळी एकटाच आला. चहा नको म्हणाला, आधी पहार मागितली. चारी कोपऱ्यांत आणि मधे मारून बघितली. धुण्याच्या मोरीचं पाणी जिरतं त्या बाजूला मूठभर माती काढली, दाबली, अंगठा रुतला. मला म्हणाला, "हे पाणी चार दिवस दुसरीकडं सोडा, मग येतो. आज सगळं रान एका वापशावर न्हाई." दर एकूण कामाचा सांगितला, तीन फेर आणि वाफे धरून. शेजारची दोन घरंही ठरली, त्यामुळं गाडीभाडं तिघांत वाटलं.

आम्ही आदल्या दिवशी घरातली सगळी मिळून वेचायला बसलो. फुटक्या फरशा, तारा आणि एक अख्खी सिमेंटची वाळून दगड झालेली गोणी निघाली. तरीही पहिल्या फेरात एका जागी मशीन थबकलं. त्यानं लगेच क्लच दाबला, इंजिन बंद केलं आणि मगच खाली वाकला. पात्यांच्या मुळाशी बायंडिंगची तार चार वेढे बसली होती. पकडीनं एकेक वेढा तोडून काढला, पाती हातानं फिरवून बघितली, मग पुन्हा चालू केलं. बंद न करता हात घालणारे असतात म्हणे, त्याच्याच गावात एकाची बोटं गेली आहेत.

कंपाउंडच्या कडेची फूटभर पट्टी त्यानं मुद्दाम सोडली, भिंतीच्या पायाला धक्का नको म्हणून. ती बरोबरच्या माणसानं कुदळीनं केली. लव्हाळ्याच्या कोपऱ्यात मशीन घातलंच नाही. आईला हे फार आवडलं.

आता माती हरभऱ्याएवढ्या कणीची आहे. भेंडी, घेवडा, दोडका आणि एका वाफ्यात पोकळा घालायचा विचार आहे.

आक्का_वडणगे
पोकळा पहिल्या पावसाच्या आधीच टाका, पाणी देऊन. मुसळधार सुरू झाली की बारीक बी वाहून जातं. दोडक्याला मांडव आत्ताच उभा करा, नंतर वाफ्यात पाय पडतील.

नागाळा_पार्क
हाच धागा पुढं नेते. आमच्या बंगल्याच्या बागेत २०१९ आणि पुन्हा २०२१ च्या पुराचा गाळ बसला. तेव्हा वरवर काढला, पण सात-आठ इंच राहिलाच. वरून माती छान दिसते, तरी गुलाब आणि मोगरा मुळं धरत नाहीत, पाणी वर साचतं. एका माणसानं टिलर मारून वर तांबडी माती टाकायला सांगितलं. खर्च मोठा आहे. करावा का?

जुना_कृषीसहाय्यक
ताई, वर तांबडी माती टाकून उपयोग होणार नाही. तुमचा त्रास थरांचा आहे. पुराचा गाळ फार बारीक असतो आणि तो जुन्या मातीवर वेगळा थर होऊन बसलाय. पाणी एका थरातनं दुसऱ्यात सहज उतरत नाही, मुळंही त्या सीमेवर अडतात. त्यावर तिसरा थर टाकला तर अडचण वाढेल. गाळ वाईट नसतो, त्यात पोषण असतं. त्याला खालच्या मातीत मिसळायला हवं.

आधी एक सोपी परीक्षा करा. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा बागेतली माती घ्या, वरून पाणी भरून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती एक-दोन दिवस पाणी गढूळ ठेवते. वरच्या गाळाची आणि फूटभर खालच्या मातीची अशा दोन बरण्या करा, फरक डोळ्यांनी दिसेल.

आता टिलरचा प्रश्न. तो पाच-सहा इंच जातो आणि तुमचा थर सात-आठ इंचांचा आहे, म्हणजे मशीन गाळातच फिरेल आणि सीमा तशीच राहील. मोकळ्या भागात कुदळीनं किंवा खणायच्या काट्यानं फूटभर खोल उलथून घ्यायला गडी लावा, मग त्यावर शेणखत घालून टिलरचा एकच फेर मारा. जुन्या झाडांच्या बुंध्याजवळ मशीन नेऊ देऊ नका, बारीक मुळं वरच्या थरातच असतात. तिथं पहारीनं हातभर अंतरावर भोकं पाडून त्यात कुजलेलं शेणखत भरा.

टिलरवाला_उचगाव
ताई, दादा म्हणत्यात ते बरोबर. ज्यानं तांबडी माती टाका म्हणून सांगितलं त्याला बहुतेक मातीच विकायची असंल. पाऊस आता तोंडावर हाय, नागाळा पार्कात खाली ओल लवकर धरती. यंदा घाई करू नका. आत्ता गड्याकडनं उलथून घ्या, त्यात हिरवळीच्या खताला ताग टाका, आणि टिलर दिवाळीनंतर बोलवा. तेव्हा मशीनबी मोकळी असत्यात आणि दरबी ऐकून घेतला जातोय.

नागाळा_पार्क
तागाचं बी किती लागेल आणि तो कधी गाडायचा?

जुना_कृषीसहाय्यक
गुंठ्याला अर्धा ते पाऊण किलो. मार्केट यार्डाच्या बाजूला बियाण्याच्या दुकानांत मिळेल, नसेल तर धैंचा घ्या, पाणी साचणाऱ्या जागेला तो तागापेक्षा चांगला टिकतो. साधारण पंचेचाळीस दिवसांनी, फुलं यायच्या बेतात असताना, विळ्यानं कापून तुकडे करून तिथंच मातीत दाबा. फुलावर गेला की खोड तंतूमय होतं, लवकर कुजत नाही. त्यानंतर दिवाळीपर्यंत जागा तशीच राहू द्या.